बराखीभोवतीच्या फेऱ्या

३ जून २०२५, मंगळवार

उद्यापासून पिंपरी पेंढारात जे सुरू होणार आहे ते या गावात आजवर कोणी केलेलं नाही. म्हणून नोंद आदल्या दिवसापासूनच ठेवतो. पुढं कोणी विचारलं, हे डोकं कुणाचं, तर तारखेनिशी दाखवता येईल. तशी ही वही मी कोणाला दाखवणार नाही.

मूळ कारण आक्का. माझी थोरली बहीण प्रयागबाई, आंबेगाव तालुक्यात पारगावला दिलेली. तिच्या हातची मासवडी खायला पावणे वाट वाकडी करून यायचे. आज तिची बोटं एका अंगाला कलली आहेत आणि मनगटं सुजून वर आली आहेत. मासवडी राहू द्या, साडीच्या निऱ्याही सून घालून देते. लोक म्हणतात, "वात आला." चूक. हा वयाच्या झिजेचा वात नाही. याला स्वयंप्रतिकार विकार म्हणतात, आणि हा शब्द मी शब्दकोश मांडीवर घेऊन शोधलेला आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर असं: मोटार जळू नये म्हणून स्टार्टरमध्ये रिले बसवतात. तो राखणदार. शरीरातही तसा राखणदार असतो, बाहेरून आलेल्या रोगाला अडवणारा. आक्काचा राखणदार बिघडला आणि घरच्याच सांध्यांना शत्रू समजून जाळत सुटला.

हे रक्तातून येऊ शकतं. रक्ताच्या नात्यात इतरांपेक्षा धोका जास्त. म्हणजे मला, आणि माझ्या हर्षालीला. ती ओतूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं ओतूरलाच मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली पाणबुडी मोटार उघडायची आणि तिच्यात नवी तार भरायची, हे काम बोटांच्या शेंड्यांवर चालतं. मी ते कोणत्या आयटीआयत शिकलो नाही. एक जळकी मोटार घेतली, तार वेढ्यावेढ्यानं उलगडली, आणि शिकलो. आमच्या घरात हात गेले तर सगळंच गेलं.

पण वाचता वाचता एक जबरदस्त गोष्ट सापडली. रक्त बदलता येत नाही, सवयी बदलता येतात! तंबाखू आणि धूर बंद, हिरड्या साफ, वजन ताब्यात, रोज चालणं, पुरेशी झोप, ताटात भाजी. हे पाळणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. कमी म्हणजे नाहीच, असं मी धरून चालतो. मोटारीचं तेच आहे. व्होल्टेज नीट, पाणी स्वच्छ, तर मोटार जळतेच कशाला?

या घरात तो आजार शिरू देणार नाही. लिहून ठेवतो.

४ जून, बुधवार

झालं सुरू, रोजचं चालणं! सांगतो सविस्तर.

पहिला प्रश्न बिबट्याचा. दोन्ही अंगांना ऊस असलेल्या रस्त्यानं पहाटे चालणं म्हणजे त्याला ताट वाढून देणं. मी उपाय काढला बाळासाहेबाच्या बराखीचा. बाळासाहेब माझा शाळेपासूनचा दोस्त, कांदा आणि शर्यतीच्या गाड्याचे बैल ही त्याची दोन दैवतं. कांदा साठवायची त्याची बराख लांबलचक आहे, भोवतीनं ट्रॅक्टर फिरेल एवढी मोकळी जागा, बाहेरून जाळीचं कुंपण, चारी कोपऱ्यांना दिवे. बिबट्या बाहेर, आम्ही आत.

बाळासाहेब कुंपणाचं फाटक उघडून बाजेवर बसून राहिला. म्हणाला, "गोरखभाऊ, बराखीत कांद्याचं वजन घटतं म्हणून मी रडतोय, आन् तू इथं माणसं आणतोयस वजन घटवायला!"

चालायला आलेल्या गावातल्या बाया खिदळल्या. लंकाबाई वयानं सगळ्यांत मोठ्या, पण जिभेनं तरण्या. त्या म्हणाल्या, "बाळासाहेब, तुमी बी या की. तुमचं पोट बघून ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला जागा न्हाई."

"मी आलो तर बराख हलंल, लंकाबाई."

नूतन, म्हणजे आमच्या घरातली, पदर खोचून आली होती. हर्षाली डुलक्या काढत आली. मी पुढं चाललो. हात कोपरातून हलले पाहिजेत, टाच आधी टेकली पाहिजे, गप्पा मारता आल्या पाहिजेत पण गाणं म्हणता येता कामा नये, हा वेगाचा खरा मापदंड. लंकाबाईंनी लगेच गाणं म्हणून दाखवलं. त्यांना पुन्हा समजावलं.

१० जून, मंगळवार

संख्या वाढते आहे. नव्या बुटांत मात्र खोट निघाली. सकाळी पहिली पावलं टाकताना दोन्ही चवड्यांखाली खडे असल्यासारखं टोचतं. बूट झटकले, खडा नाही. आळेफाट्याला जाऊन दुकानदाराला तळव्याची बनावट समजावून सांगितली आणि बदलून आणले. दुसरे बूटही त्याच लॉटमधले असावेत.

१९ जून, गुरुवार

नूतननं मिश्री सोडली!

इथल्या बायांची मिश्री म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तंबाखू तव्यावर काळी भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि दातांना लावत बसायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई सकाळी मिश्रीशिवाय बोलत नव्हती. मी तिला हिरड्यांचं सगळं शास्त्र सांगितलं. हिरड्या बिघडल्या की राखणदारही बिघडू शकतो, वगैरे.

ती म्हणाली, "अवो, शास्त्र ऱ्हाऊ द्या. पोरीला ती बिमारी लागू नये, एवढंच ना? मग घ्या ही डबी."

डबी माझ्या हातात दिली. मी तिचं झाकण फिरवून आत बघायला गेलो तर ते अडकलेलं. नूतननं हातातून घेऊन सहज उघडलं. तिची रोजची सवय, म्हणून.

मी आयुष्यात तंबाखूला शिवलेलो नाही. विडीला नाही, चुन्याला नाही. हे मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे.

२८ जून, शनिवार

दुकानात दिवस वाईट. नव्या तारेवरचं प्लॅस्टिक जाड आलंय. पाणबुडीची तार खाचेतून ओढताना शेंड्यांना कळतं की ती कुठं घासते आहे. आज काही कळेना. चिमट्यात धरायला गेलो तर चिमटाच हातातून निसटला, दोनदा. चिमट्याच्या मुठीचं रबर घोटून गुळगुळीत झालं असणार. नवीन आणला. पेनही बदललं. बारीक पेनं हल्ली वाईट येतात, जाड पेनानं लिहायला बरं पडतं. अक्षर मोठं येतंय पण वाचायला स्पष्ट.

वार्निश मारून मोटार वाळत ठेवली. काम चोख झालं, फक्त एका दिवसाचं दोन दिवसांवर गेलं. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, तुमी कवा उशीर करत न्हाई." मी त्याला तारेचं सांगितलं.

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस सोन्याचा!

सामुदायिक मिश्रीत्याग! कल्पना माझी. बराखीमागं खड्डा खणला होता. बायांनी एकेक करून डब्या आणल्या आणि मिश्री खड्ड्यात ओतली. कोणी डोळे मिटून, कोणी मांजराचं पिल्लू सोडून द्यावं तशी. लंकाबाईंनी चिमूटभर ठेवून घेतली, मी पाहिलं. त्यांना म्हणालो, "लंकाबाई, मुठीत काय?"

"आठवण," त्या म्हणाल्या. आणि टाकली.

आक्काला मी मुद्दाम पारगावहून बोलावून घेतलं होतं. पहिल्या खुर्चीवर बसवली. हातांवर पदर घेऊन ती बसली होती. मी भाषण केलं. माझ्या माहितीत आजवर असं भाषण इथं झालेलं नाही. राखणदार, रिले, हिरड्या, धूर, सगळं घेतलं. मग म्हणालो, "पुस्तकातलं सोडा. माझ्या बहिणीकडं बघा. हिला मी किती वेळा सांगितलं, मिश्री सोड. आक्का, पदर काढ, दाखव यांना हात. सवयी पाळल्या नाहीत की काय होतं ते बघा."

आक्कानं पदर काढला. हात दाखवले. सगळ्या बायांनी माना खाली घातल्या. एवढा परिणाम माझ्याही अपेक्षेत नव्हता.

नंतर टाळ्या पडल्या, बाळासाहेबानं सगळ्यांना चहा पाजला. म्हणाला, "माझ्या बैलांना बी एवढं कोणी समजावलं न्हाई. न्हाईतर घाटात पहिलेच आले असते."

१४ जुलै, सोमवार

आक्का सकाळच्या एसटीनं गेली. चहा न घेता. पारगावला उसाला पाणी द्यायची पाळी असेल. नूतन दिवसभर माझ्याशी तुटक बोलते आहे, बहुधा मिश्री सोडल्याची चिडचिड. असं होतं, वाचलंय.

२२ जुलै, मंगळवार

फेरीची वेळ बदलली. चांगलं ऊन वर आल्यावर. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरून गेली की पहाटे कोणी बाहेर पडू नका. बाळासाहेब म्हणाला, "अरे, आपण कुंपणात असतो की!" पण घरापासून कुंपणापर्यंतचं अंतर कोण मोजणार? मी ठाम राहिलो. तसंही उन्हात अंग मोकळं होतं. पहाटे हल्ली माझी बोटं लाकडासारखी असतात, हवेतल्या दमटपणामुळं. दुपारपर्यंत सुटतात. जुन्नरची हवा पावसाळ्यात अशीच.

अंगठीही काढून ठेवली, साबण लावून. मोटारीच्या कामात अंगठी धोक्याचीच.

दुपारी थकवा येतो, दुकानात बसल्या बसल्या डोळा लागतो. एका व्हिडिओत सांगितलं आहे की चांगल्या सवयी लागल्यावर शरीरातली जुनी घाण बाहेर पडते, तेव्हा असा थकवा येतो. म्हणजे लक्षण उत्तम!

३० जुलै, बुधवार

लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतंय ते आनंदानं.

ओतूरच्या कॉलेजातून फोन! राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी व्याख्यान द्यायचं! तारीख तेवीस ऑगस्ट. ज्या कॉलेजच्या पायरीवर मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही, तिथल्या स्टेजवरून! प्राध्यापक म्हणाले, "विषय तुम्हीच सुचवा." मी क्षणात सांगितलं: 'सवयींचं कुंपण'. बिबट्यामुळं सुचलं. ते म्हणाले, "वा!"

हर्षालीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, माझ्या कॉलेजात? रिलेचं सांगणार?"

"रिलेशिवाय कसं कळणार?"

"सांगा. पण 'आजार होतच नाही' असं नका म्हणू. आमच्या सरांनी विचारलं तर?"

"विचारू दे. मी जिवंत पुरावा आहे. तंबाखू नाही, वजन नाही, रोजची चाल. मला काय झालंय?"

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मी चहाचा पेला ठेवला आणि उठलो. तिला परीक्षेचा ताण असावा.

८ ऑगस्ट, शुक्रवार, मुक्काम पारगाव

उद्या राखीपौर्णिमा. दरवर्षी आक्का येते. यंदा तिचा निरोप आला, "जमायचं न्हाई." म्हणून मीच आलो. मोटारसायकल काढली होती पण क्लचची केबल इतकी कडक झालीय की मूठ दाबली जाईना. मेकॅनिक म्हणाला केबल ठीक आहे. त्याला काय कळतंय. एसटीनं आलो.

आक्का बोलली कमी. दाजी मात्र बोलत होते, कारखाना, ऊस, तोडणी. मी त्यांना व्याख्यानाचं सांगितलं. दाजी म्हणाले, "मग काय, पावणं, आता फेटा बांधूनच जायचं!" आक्का आत उठून गेली.

९ ऑगस्ट, शनिवार

जे झालं ते तसंच्या तसं लिहितो. माझं मत नंतर.

सकाळी ओट्यावर चहा आला. स्टीलच्या पेल्यात. मी तो दोन्ही तळव्यांत धरला, बोटं न वळवता, हातांच्या ओंजळीत दाबून. गेले काही दिवस मला तसाच आवडतो, तळव्यांना ऊब लागते. समोर आक्का बसलेली. तिच्याही हातात पेला, तसाच, तळव्यांत दाबून.

ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं स्वतःचा पेला खाली ठेवला.

"गोरख, मूठ वळ."

"कशाला?"

"वळ म्हणते ना."

मी म्हणालो, दमट हवा आहे, दुपारी वळेल.

"दुपारी वळंल, व्हय?" ती म्हणाली. तिचा आवाज असा का झाला ते मला कळेना. "पहिल्या वर्षी माझी बी दुपारीच वळायची."

ती उठून माझ्याशेजारी बसली. माझा हात मांडीवर घेतला आणि बोटांच्या मुळाशी, उंचवट्यांवर, अंगठ्यानं एकेक दाबलं. मी ओरडणारा माणूस नाही. पण माझ्या तोंडून आवाज निघाला. दाजी आतून बाहेर आले.

"दोन्ही हाताला?"

"डाव्याला कमी."

"पायाला?"

"बूट खराब आहेत."

"बूट," आक्का म्हणाली. आणि हसली. आणि पदर डोळ्यांना लावला.

मग मी बोललो. मी म्हणालो, आक्का, असं होऊच शकत नाही. मी तंबाखू खात नाही. विडी ओढत नाही. मिश्री लावत नाही. मी चालतो, मी भाजी खातो, मी झोपतो. मला होण्याचं कारणच नाही.

तेव्हा ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितोय. "मग मला व्हायचं काय कारण व्हतं? आपल्या आईनं माझ्यापेक्षा जास्त मिश्री लावली, तिची बोटं मरंस्तवर सरळ व्हती. मी काय पाप केलं व्हतं का, गोरख? त्या बराखीत साऱ्या बायांपुढं माझं हात दाखवलंस तवा मला वाटलं, माझ्या भावाला वाटतंय मी हे पैदा केलं."

आकडेवारी माझ्याकडं होती, पण मी राखीचं ताट तिच्यापुढं सरकवलं.

मग तिनं राखी बांधली. तिच्या वाकड्या बोटांनी गाठ मारायला वेळ लागतो, ती कोणाला मदत करू देत नाही. माझ्या सुजलेल्या मनगटावर दोरा सैल सोडला तिनं, टोचू नये म्हणून.

"ओवाळणी काय मागू?" ती म्हणाली. "बुधवारी नारायणगावला माझा नंबर आहे, त्या सांध्याच्या डॉक्टरकडं. त्यो नंबर तू घे. मी नंतर जाईन. मी दोन वर्षं तेल चोळत बसले, लेप लावत बसले, तवर बोटं वाकली ती वाकलीच. तू दोन दिस बी बसू नको."

मी म्हणालो, तेवीस तारखेचं व्याख्यान झालं की जातो.

"व्याख्यान!" ती म्हणाली. "तुझं हात वाकलं तर मोटारी काय व्याख्यानानं भरणार हायस?"

११ ऑगस्ट, सोमवार

मी जाणार नाही असं नूतनला सांगून पाहिलं. म्हणालो, आक्काचा दम आहे नुसता, मला काही झालेलं नाही.

नूतन भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मग महिनाभर तुमच्या सदऱ्याची बटनं कोण लावतंय?"

मी आठवून पाहिलं. खरंच, कोण लावतंय?

"तुमी लाईट बघायला नायतर मोबाईल बघायला उभं ऱ्हाता, आन् मी लावते. तुमाला वाटतं तुमीच लावता. पाण्याच्या बाटलीचं झाकण रोज कोण सैल करून ठेवतं? हर्षाली."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलायचं?" ती म्हणाली. "तुमाला सगळं म्हाईत असतं. म्हाईत असणाऱ्या माणसाला सांगणार कोण?"

भाकरी तव्यावर टाकली. मी दुकानात आलो. अर्धवट भरलेली मोटार समोर होती. बसलो, तार धरली, एक वेढा घातला. दुसरा घालता आला नाही. तारेचा लॉट जुनाच होता, चांगला. मीच तो मागच्या आठवड्यात तपासून घेतलाय.

बुधवारी जाणार.

१३ ऑगस्ट, बुधवार

आक्काही आली होती. नंबर मला दिला आणि बाहेर बाकड्यावर बसून राहिली, "एकटा पळून जाशील म्हणून."

डॉक्टर तरुण, बोलायला मऊ, तपासायला काटेकोर. हे मला आवडलं. प्रत्येक सांधा वेगळा दाबला, मोजला, लिहिला. सकाळचा कडकपणा किती वेळ राहतो ते विचारलं. मी म्हणालो दमट हवेमुळं, तर म्हणाले, "हवा राहू द्या. किती वेळ?" मी खरं सांगितलं.

मग मी सवयींचं सांगितलं. रिले, हिरड्या, मिश्री, बराख. ते ऐकत होते, खरंच ऐकत होते. मी विचारलं, "मग हे सगळं फुकट गेलं?"

"नाही," ते म्हणाले. "सवयींनी धोका कमी होतो. शून्य होत नाही. तुम्ही चालला नसतात तर हा आजार आधी आला असता का? असेल, नसेल. एका माणसाबद्दल असं कोणालाच सांगता येत नाही. पण तुमचं वजन, तुमची फुप्फुसं चांगली आहेत. औषधाला त्याची मदतच होईल. चालणं सोडू नका."

आणि पुढं म्हणाले, "एक सांगा. माझ्याकडं लोक येतात ते बोटं वाकल्यावर. तुम्ही इतक्या लवकर कसे आलात? कोणी ओळखलं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, मी वाचून ओळखलं. अगदी ओठांवर. वाचलं मीच होतं ना?

म्हणालो, "माझ्या बहिणीनं. प्रयागबाई. बाहेर बसलीय. नंबर तिचाच आहे."

ते म्हणाले, "बोलवा त्यांना आत." मी दार उघडून हाक मारली. आक्का आत आली तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठले. आक्का गोंधळून माझ्याकडं बघायला लागली, आपल्या हातून काही चुकलं की काय म्हणून.

"प्रयागबाई, भावाचे हात वाचले तर तुमच्यामुळं वाचतील," डॉक्टर म्हणाले.

परतताना एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. मग म्हणाली, "नाव घेतलंस माझं?"

"घेतलं."

"पुरतं?"

"पुरतं."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

रक्त दिलंय. शनिवारी अहवाल.

१६ ऑगस्ट, शनिवार

आहे. तोच.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर घात होतो, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं, नूतनकडून वदवूनही घेतलं. मध्ये मध्ये रक्त तपासत राहायचं. गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर हातांना विश्रांती. लिहिणंही कमी.

२४ ऑगस्ट, रविवार

(हे मी लिहितेय, हर्षाली. बाबा सांगतायत. त्यांचे हात आज जास्त दुखतायत.)

लिही: काल ओतूरच्या कॉलेजात माझं व्याख्यान अत्यंत यशस्वी झालं.

(बाबा, 'अत्यंत' आधीच का?)

लिही गं. सभागृह भरलं होतं. मी विषयाचं नाव बदललं नाही. कुंपण पाहिजेच. पण स्टेजवर दोन खुर्च्या मांडायला लावल्या होत्या. दुसरीवर आक्का. मी निम्मंच बोललो आणि तिला म्हणालो, आता तू सांग.

(आत्याला घाम फुटला होता. बाबा तिच्या कानात म्हणाले, "मासवडी कशी करायची ते सांगतेस ना, तसं सांग." मग ती बोलली. सकाळी बोटं कशी असतात, पेला कसा धरला जातो, दुपारी बरं वाटतं म्हणून माणूस कसा फसतो. एका मुलीनं विचारलं, "मिश्रीमुळं होतं का?" आत्या म्हणाली, "मिश्री वाईटच. सोडा. पण जिला झालं तिला 'तूच केलंस' असं म्हणू नका." बाबा खाली बघत होते.)

हे वाक्य खोड. मी समोर बघत होतो.

(खोडणार नाही.)

बरं, राहू दे. पुढं लिही. बाळासाहेब आला होता, सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच्या. नंतर म्हणाला, "गोरखभाऊ, आता बराखीत आक्काबाईंना मुक्कामालाच ठेवा. त्या मुठी तपासतील, तू टाचा तपास." मी म्हणालो, विचार उत्तम आहे. सोमवारपासून फेरीच्या आधी सगळ्यांनी मूठ वळून दाखवायची. लंकाबाई म्हणाल्या, "मूठ दाखवीन, पण उघडायला लावू नका." म्हणजे मिश्री पुन्हा आली आहे. त्यांच्याशी बोलावं लागेल. मऊ शब्दांत.

दुकानात बहिरू नावाच्या शिकाऊ पोराला बसवलं आहे. तोच माझ्यासमोर वेढे घालतो, मी बघतो. त्याचा हात चांगला आहे. तार खेचतो जरा जास्त, पण ते सांगता येईल. गोळ्यांचा गुण आला की मी पुन्हा बसणारच. डॉक्टर म्हणाले, शक्यता चांगली आहे. 'चांगली' खाली रेघ मार.

(मारली.)

झालं. पूर्णविराम दे.

(मी पूर्णविराम दिला आणि पेन खाली ठेवलं नाही. मी म्हणाले, "बाबा, एक विचारू? आत्याला झालं. तुम्हाला झालं. मला होईल का?"

बाबा लगेच उत्तर देतात. गॅस का संपला, पाऊस का थांबला, रोहित्र का जळलं, सगळ्याचं त्यांच्याकडं उत्तर तयार असतं. आज ते माझ्या हातांकडं बघत बसले. आईनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.

मग ते म्हणाले, "लिही."

"काय लिहू?"

"बाबांना माहीत नाही, असं लिही."

मी लिहिलं. त्यांनी वही ओढून घेतली, जवळ धरून वाचलं, आणि म्हणाले, "माहीतमधला 'ही' दीर्घ आहे ना? बघ. बरोबर आहे. आता सही तू कर.")

हर्षाली